पाण्यात राहणारा मासा पाण्यातच गुदमरतो कसा?

उन्हाळा चढला की आमच्या सीमाभागात एक बातमी हमखास येते. कधी कृष्णेची, कधी पंचगंगेची, कधी एखाद्या गावतळ्याची. पाण्यावर मेलेल्या माशांचा खच. मोबाईलवर व्हिडिओ फिरतात, काठावर नाकाला रुमाल लावून उभी राहिलेली माणसं दिसतात, आणि खाली एक ओळ असते: पाण्यातला ऑक्सिजन कमी झाल्यानं मासे मेले.

जूनच्या तोंडाला शाळा उघडली, तेव्हा माझ्या दुसरीच्या वर्गातल्या एका मुलीनं असाच व्हिडिओ बघून येऊन विचारलं, "बाई, मासा पाण्यातच राहतोय न्हवं? मग पाण्यातच मेला कसा ओ?" मी म्हटलं, पाणी खराब झालं होतं. "मग ते पाणी त्यानं पिलं काय?" मी गप्प झाले. 'मासा कल्ल्यांनी श्वास घेतो, परांनी पोहतो, त्याच्या अंगावर खवले असतात' हे मी कित्येक वर्षं शिकवत आले आहे. पोरं ते एका सुरात म्हणूनही दाखवतात. पण त्या तीन वाक्यांतलं एकही तिच्या प्रश्नाला पुरत नव्हतं.

तेव्हापासून मी हा धडा उलटा शिकवते. अवयवांची नावं आधी सांगत नाही. पाण्यात राहायचं म्हणजे अडचण काय, हे आधी मुलांच्या हाताला कळू देते. मग अवयव त्या अडचणीवरचा उपाय म्हणून समोर येतो, आणि तो मुलांच्या लक्षात राहतो. घरात लहान मूल असलेल्या कुणालाही हे करता येईल.

आधी बादली, मग मासा

फळ्यावर मासा काढण्याआधी मी वर्गात पाण्याची बादली आणते. हात हवेत फिरवा, म्हणते. फिरतो. आता तळहात समोर धरून तोच हात पाण्यातून ओढा. पाणी अडवतं. मग हात सुरीसारखा कडेवर धरून ओढा. सर्रकन जातो. पोरं हे पुन्हा पुन्हा करतात, बाह्या भिजवून घेतात, आणि 'माशाचं शरीर दोन्ही टोकांना निमुळतं असतं' हे वाक्य मी बोलण्याआधीच त्यांना कळलेलं असतं.

मोठ्यांसाठी आकडा सांगते. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, एक लिटर हवेचं जेमतेम १.२ ग्रॅम. म्हणजे पाणी हवेपेक्षा ८०० पटींहूनही जड. मुलांना हा आकडा नको. भाताच्या लावणीत गुडघाभर पाण्यात पळायचा प्रयत्न केलेलं पोर ते अंगानं ओळखतं.

पण जडपणात फायदाही आहे. जे अडवतं, त्यालाच रेटून पुढं जाता येतं. विहिरीत पोहणारं मूल काठाच्या दगडाला पाय लावून स्वतःला झोकून देतं. माशाला असा दगड लागत नाही, पाणीच त्याचा दगड.

चढणीचा मासा

आमच्याकडं खानापूरच्या बाजूला मृगाचा पाऊस लागला की ओढे-नाले फुगतात आणि मासे प्रवाहाच्या उलट, वरच्या शेतांकडं निघतात. अंडी घालायला उथळ, नवं पाणी त्यांना हवं असतं. हे चढणीचे मासे. रात्री बॅटरी घेऊन बांधावर जाणारी माणसं गावोगाव असतात, आणि त्यांच्या मागं चिखलातून जाणारी पोरंही. त्यांचा प्रश्न रास्त असतो: पाणी खाली यायलंय, मग मासा वर कसा जायलाय?

यासाठी एक दोरी घ्या. जमिनीवर ठेवून एक टोक डावी-उजवीकडं झटका. लाट दुसऱ्या टोकापर्यंत पळत जाते. माशाच्या अंगातून अशीच लाट डोक्याकडून शेपटीकडं जाते, प्रत्येक वळशात पाणी मागं ढकललं जातं आणि मासा पुढं सरकतो. शेपटी ही त्या लाटेची शेवटची, सगळ्यात जोराची थाप. पर म्हणजे पोहण्याचं मुख्य यंत्र, असं मी पूर्वी सांगायचे ते अर्धवट होतं. बहुतेक माशांत पुढं ढकलण्याचं काम अख्खं अंग करतं.

हे स्नायू बघायला प्रयोगशाळा लागत नाही. शिजलेल्या माशाचा तुकडा बोटानं मोडला की त्याचे पापुद्रे सुटतात. कोंबडीचा तुकडा तसा सुटत नाही, त्याचे लांब धागे निघतात. माशाचा प्रत्येक पापुद्रा म्हणजे स्नायूचा एक घडीदार ठोकळा. असे ठोकळे डोक्यापासून शेपटीपर्यंत एकामागं एक लागलेले असतात आणि आलटूनपालटून एका कुशीचे आखडतात, दुसऱ्या कुशीचे सैल पडतात. लाट तयार होते ती इथं. ताटात मासा असेल त्या दिवशी मुलाला हे दाखवा. दोन मिनिटं लागतात.

शेपटीच्या आकारावरून माशाचा स्वभावही ओळखता येतो. चोर्ला घाटातून बेळगावला येणारा बांगडा बघा. अंग गुळगुळीत, शेपूट मधोमध खोल चिरलेली, कात्रीसारखी. असा मासा थव्यानं दिवसभर पोहत राहतो. आपल्या तळ्यातला मरळ बघा. शेपूट गोल, पंख्यासारखी. तो गवतात दबा धरून बसतो आणि एका झटक्यात भक्ष्यावर जातो. एकाला लांब पल्ला हवा, दुसऱ्याला पहिला झटका.

मग पर कशाला? काकडी पाण्यात टाकून बोटानं गोल फिरवा, गरगर फिरते. तिच्यात पुठ्ठ्याचा तुकडा उभा खोचा आणि पुन्हा फिरवा. पाणी पुठ्ठ्याला अडवतं. पाठीवरचा आणि शेपटीजवळ पोटाखालचा पर हे काम करतात, माशाला कुशीवर कलंडू देत नाहीत. छातीजवळची जोडी वळायला आणि थांबायला. सायकलचा ब्रेक आणि हँडल एकाच ठिकाणी, असं एका मुलानं सांगितलं. मला त्यात दुरुस्ती करावीशी वाटली नाही.

ओढ्यातल्या दगडांना चिकटून राहणारा एक छोटा मासा पुष्कळांनी पाहिला असेल, मल्या. त्याच्या तोंडाखाली मांसल चकती असते, तिनं तो वाहत्या पाण्यात दगड धरून ठेवतो. त्याचं शास्त्रीय नाव आहे गारा मुल्या. गोऱ्या अधिकाऱ्यांपैकी कर्नल साईक्स यांनी १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा इथल्या लोकांनी सांगितलेली बरीच नावं त्यांनी तशीच लॅटिन नावांत बसवली. शिंगाळ्याचं 'सीनघाला' तिथलंच, नदीतल्या मोठ्या महसीरचं 'खुद्री'ही तिथलंच. आजोबांच्या तोंडचा शब्द जगभरच्या पुस्तकांत आहे, हे सांगितलं की पोरं ताठ बसतात. मलाही ते सांगताना फार बरं वाटतं.

पोटातला फुगा

हात-पाय न हलवता मासा पाण्याच्या मधोमध थांबतो. बुडत नाही, वरही येत नाही. माणसाला हे जमत नाही. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला आपण रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधतो, का? आत हवा असते, ती वर उचलते. माशानं हा भोपळा पोटातच ठेवलाय. बाजारात रोहू कापताना आतून पांढरा, मध्ये दोरा आवळल्यासारखा दोन फुग्यांचा जोड निघतो, तो हाच. पुस्तकात त्याला वाताशय म्हणतात. आम्ही वर्गात फुगाच म्हणतो.

घरी करायचा प्रयोग: प्लॅस्टिकची पारदर्शक बाटली पाण्यानं काठोकाठ भरा. पेनच्या टोपणाला कणकेची छोटी गोळी लावा, इतकीच की टोपण कसंबसं तरंगेल आणि आत थोडी हवा राहील. टोपणाला वर भोक असेल तर तेही कणकेनं बुजवा. टोपण तोंड खाली करून बाटलीत सोडा, झाकण घट्ट लावा, बाटली दाबा. टोपण खाली जातं. सोडा, वर येतं. बाटली दाबली की टोपणातली हवा आक्रसते, तिची जागा पाणी घेतं आणि टोपण जड होतं.

मासा मात्र असा पोट दाबून फुगा लहान-मोठा करत नाही. तो फुग्यातली हवा सावकाश कमी-जास्त करतो. प्रयोगातून फक्त एवढंच घ्यायचं की आत हवा किती जागा व्यापते यावर तरंगणं ठरतं. मुलांना अर्धसत्य सांगून पुढं जाऊ नये, कारण चौथीत गेल्यावर तीच मुलं येऊन विचारतात.

रोहू, कटला, शिंगाळा यांच्यात या फुग्याला आणखी एक काम आहे. आवाजानं फुगा थरथरतो, आणि हाडांची एक छोटी साखळी ती थरथर कानापर्यंत नेते. माशाला कान असतो? असतो, पण कवटीच्या आत. आमच्याकडं दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांची इथं एक गंमतशीर गफलत होते. कन्नडमध्ये कानाला 'किवी' आणि कल्ल्यांना 'किविरु' म्हणतात. तेव्हा डोक्याच्या बाजूला दिसणारे कल्ले म्हणजे कानच, अशी काहींची खात्री असते. हसण्यावारी न नेता मी दोन्ही शब्द फळ्यावर लिहिते. शब्द शेजारी, काम वेगळं.

मोरीला, म्हणजे शार्कला, हा फुगा नसतो. तिचं मोठं, तेलकट यकृत तिला थोडं हलकं ठेवतं, तरी पोहणं थांबलं की ती खाली जाऊ लागते.

कल्ले: तो लाल झुपका

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडं.

मासळी बाजारात आजी माशाच्या डोक्याजवळचं झाकण उचलून आत बघते. लालभडक असेल तर ताजा, काळपट असेल तर नको. ते झाकण उचललं की आत प्रत्येक बाजूला चार कमानी दिसतात आणि प्रत्येक कमानीवर फणीच्या दातांसारखा लाल झुपका. हे कल्ले. लाल दिसतात कारण तिथं रक्त अगदी पातळ पडद्याआड असतं. मासा तोंडानं पाणी आत घेतो, ते या झुपक्यांमधून जातं आणि झाकणाखालून बाहेर पडतं. जाता जाता पाण्यातला ऑक्सिजन रक्तात उतरतो. म्हणून मासा सारखा तोंड उघडतो-मिटतो. तो पाणी पीत नसतो, श्वास घेत असतो.

"पण पाण्यात ऑक्सिजन आहेच की, एचटूओमध्ये!" असं मोठी भावंडं म्हणतात. तो ऑक्सिजन माशाच्या कामाचा नाही. तो हायड्रोजनला असा घट्ट बांधलेला असतो की कल्ल्यांना सोडवता येत नाही. माशाला लागतो तो हवेतून येऊन पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, जशी साखर सरबतात विरघळते तसा. तो दिसत नाही, पण आहे याचा पुरावा चुलीवर मिळतो. पातेल्यात पाणी तापत ठेवा. उकळी फुटायच्या कितीतरी आधी कडेला बारीक बुडबुडे धरतात. ती पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडताना दिसते.

हा साठा किती तोकडा आहे बघा. उन्हाळ्यातल्या ३० अंश तापमानाला एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. त्याच तापमानाच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. आपण दर घोटाला भरलेलं ताट घेतो, माशाच्या ताटात चार शितं असतात. मग तो जगतो कसा?

त्याचं गुपित मी शेंगदाण्यांच्या खेळातून शिकवते. दहा मुलांची एक रांग 'पाणी'. प्रत्येकाच्या हातात दहा शेंगदाणे. दहा मुलांची दुसरी रांग 'रक्त', हात रिकामे. नियम एकच: समोरच्याकडं आपल्यापेक्षा कमी असतील तर एक द्यायचा. आधी दोन्ही रांगा एकाच दिशेनं, जोडीजोडीनं चालवा. थोड्याच वेळात दोघांकडं पाच-पाच होतात आणि देणं थांबतं. निम्मे शेंगदाणे पाण्याकडंच राहिले. आता शेंगदाणे पुन्हा वाटा आणि रांगा एकमेकींच्या उलट दिशेनं चालवा. सात-आठ मिळालेल्या रक्ताच्या पोराला पुढं नवा, दहा शेंगदाण्यांचा पाण्याचा पोर भेटतो, म्हणून त्याला अजून मिळतो. आणि दोन-तीनच उरलेल्या पाण्याच्या पोराला अगदी रिकाम्या हाताचं रक्त भेटतं, म्हणून तोही देत राहतो. शेवटी पाण्याकडं फार थोडे उरतात.

कल्ल्यांत रक्त आणि पाणी असेच एकमेकांच्या उलट वाहतात. त्यामुळं मासा पाण्यातल्या ऑक्सिजनपैकी ८० टक्क्यांपर्यंत काढून घेऊ शकतो. आपण एका श्वासातल्या ऑक्सिजनचा जेमतेम चौथा हिस्सा वापरतो आणि बाकीचा परत सोडतो. आपल्याला परवडतं, माशाला परवडत नाही. दोन्ही खेळ खेळून झाल्यावर शेंगदाणे खाऊन टाकायचे, नाहीतर तिसऱ्या फेरीला ते आपोआप कमी होतात.

हवेत एवढा ऑक्सिजन, मग बाहेर काढलेला मासा का मरतो?

रंगाचा ब्रश पाण्यात धरा, केस सुटे होऊन पसरतात. बाहेर काढा, सगळे एकमेकांना चिकटून एकच शेंडी होते. कल्ल्यांचे झुपके असेच. पाण्यात पसरलेले असतात तेव्हा त्यांना प्रचंड पृष्ठभाग मिळतो. बाहेर आले की चिकटतात, मग वाळतात, आणि भोवती हवाच हवा असून मासा गुदमरतो.

याला अपवाद आपल्याच तळ्यांत आहेत. मरळ, मागूर, शिंगी. बाजारात हे टबात जिवंत विकायला असतात, बाकी मासे बर्फात. यांना कल्ल्यांखेरीज हवेतून ऑक्सिजन घेण्याची वेगळी सोय असते, म्हणून ते मधूनमधून वर येऊन घोट घेतात. मोठा मरळ तर यावर इतका विसंबलेला असतो की त्याला वर येऊच दिलं नाही, तर पाण्यात असूनही तो गुदमरतो. मासा बुडून मरतो का, याचं उत्तर एका माशापुरतं 'हो' आहे, हे ऐकून वर्गात गलका होतो.

मग नदीत काय झालं?

आता सगळे धागे हातात आहेत. उन्हाळ्यात नदीचं पाणी आटतं, थांबतं, तापतं. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. आणि माशाचं अंग पाण्याबरोबर तापतं, त्यामुळं नेमकी त्याच वेळी त्याला ऑक्सिजनची गरज जास्त असते. दोन्हीकडून कोंडी.

त्यात गावाचं सांडपाणी येतं, कुठं कारखान्याची मळी येते. ही घाण थेट विष नसली तरी ती खायला सूक्ष्म जीव कोट्यवधींनी वाढतात, आणि त्यांनाही ऑक्सिजन लागतो. शंभर माणसांचा स्वयंपाक केलाय आणि पंगत बसायच्या आधी हजार आगंतुक जेवून गेले, तर मानाचे पाहुणे उपाशीच राहणार. पाणी दिसायला तेवढंच असतं, त्यातलं ताट रिकामं झालेलं असतं. लिटरमागं पाच मिलिग्रॅम ऑक्सिजन असेल तर बहुतेक मासे ठीक राहतात. दोनच्या खाली गेला की पुष्कळ जातींचे मासे तगत नाहीत.

हिरव्या शेवाळानं भरलेल्या तळ्यात आणखी एक गोष्ट घडते. दिवसा उजेडात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री स्वतःच वापरतं. म्हणून पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे, ऊन पडायच्या आधी. मेलेले मासे बहुधा सकाळी सापडतात त्याचं हे एक कारण. पहाटे तळ्यावर गेलात आणि मासे पृष्ठभागाशी तोंडं आणून धापा टाकताना दिसले, तर ते खेळत नाहीत. हवेला लागून असलेल्या पाण्याच्या वरच्या थरात थोडा ऑक्सिजन मिळतो, तो ते शोधतायत. हे दिसलं तर ग्रामपंचायतीला लगेच कळवावं. मासे मरायला लागायच्या आधीची ती खूण आहे.

सगळे मासे नेहमी यानंच मरतात असं नाही. शेतातलं औषध वाहून आलं, एखादं रसायन सोडलं गेलं, तर ऑक्सिजन असूनही मासे मरतात. नक्की काय झालं ते पाणी तपासल्यावरच कळतं. तोवर असे तरंगणारे मासे घरी आणू नयेत, स्वस्तात मिळाले तरी.

त्या मुलीला मी हे सगळं एका दिवसात सांगितलं नाही. ब्रश, बुडबुडे आणि शेंगदाणे झाल्यावर तिनंच सांगितलं, "म्हणजे पाण्यातलं हवा संपलं." लिंग चुकलं, अर्थ बरोबर होता.

मासा पाणी पितो की नाही?

तिचा दुसरा प्रश्न उरला होता. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं. नदीतला मासा मनुकेसारखा: त्याच्या अंगात क्षार बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त, म्हणून कल्ल्यांतून पाणी सारखं आत शिरतं. तो पाणी जवळजवळ पीत नाही आणि पातळ लघवी भरपूर करतो. समुद्रातला बांगडा कैरीच्या फोडीसारखा: त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून तो खारं पाणी पितो आणि जादा मीठ मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर टाकतो. मलप्रभेत मासे लघवी करतात हे कळल्यावर वर्ग दहा मिनिटं आवरत नाही. चालायचंच.

अंगावरची कौलं

खवले समजवायला आमच्या भागात खिडकीतून बाहेर बघितलं तरी पुरतं. मंगळुरी कौलं एकावर एक अशी चढवतात की पावसाचं पाणी सांध्यात न शिरता घसरून जावं. खवलेही डोक्याकडून शेपटीकडं असेच एकावर एक. पुढं पोहताना पाणी घसरून जातं, आणि अंग हवं तसं वाकतंही. वर बुळबुळीत थर असतो, तो पाण्याचं घासणं कमी करतो आणि जंतूंना अंगाला चिकटू देत नाही. म्हणून जिवंत मासा कोरड्या हातानं किंवा फडक्यानं धरू नये, तो थर निघून येतो. शिंगाळा, मागूर यांना खवले नसतात, नुसती बुळबुळीत कातडी असते.

रोहूच्या कुशीवर नीट बघितलं तर कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत बारीक ठिपक्यांची ओळ दिसते. ही पार्श्वरेखा. तिच्यानं माशाला पाण्याची हालचाल कळते. मुलाला डोळे मिटायला सांगा आणि गालाजवळून वही हळूच फिरवा. न बघता कळतं ना, काहीतरी गेलं? मासा हे अख्ख्या अंगानं करतो. गढूळ पुरात तो दगडावर आपटत नाही, थव्यात शेजाऱ्याला धडकत नाही. डोळेही त्याचे सदा उघडे, बहुतेक माशांना पापण्या नसतात. झोपतो तेव्हाही उघडेच.

एवढं सगळं लहान मुलांना कशाला?

पालक विचारतात, आणि काही शिक्षकही. परीक्षेत तर चित्राला नावं द्या एवढंच येतं. येऊ दे. ज्या मुलानं ब्रश पाण्यातून बाहेर काढून बघितलाय, ते नावंही बरोबर देतं. कर्नाटकात पहिली ते तिसरीसाठी नली-कली पद्धत आणली गेली, त्या कन्नड शब्दांचा अर्थच आनंदानं शिक. बादली, काकडी आणि शेंगदाणे याहून स्वस्त आनंद मला माहीत नाही. फक्त सगळं एका तासात कोंबू नका. एका दिवशी एक अडचण पुरे.

एक गोष्ट मात्र मी जपून बोलते. 'माशाला पोहायचं होतं म्हणून त्यानं पर वाढवले' असं म्हणत नाही. ज्यांचं अंग पाण्याला जास्त जुळलं ते जगले, त्यांना पिल्लं झाली, हे लाखो पिढ्या चाललं. दुसरीच्या मुलांनाही एवढं कळतं.

दुसरी अडचण खरी आहे. आमच्याकडं वर्गात निम्म्या घरांत मासा शिजतो, निम्म्या घरांत अंडंही येत नाही. जैन, लिंगायत, माळकरी घरांतली मुलं असतात. त्यांच्यासमोर मेलेला मासा कापून दाखवणं मला योग्य वाटत नाही, आणि गरजही नाही. जे बघायचं ते जिवंत माशात जास्त चांगलं दिसतं. बेळगावच्या किल्ला तळ्याच्या काठी अर्धा तास शांत बसलं तरी पुष्कळ होतं. गावात असाल तर डासांसाठी गप्पी मासे सोडलेली विहीर किंवा हौद जवळपास असतोच. चार-पाच गप्पी त्याच पाण्यासकट रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत घ्या, झाकण लावू नका, बरणी सावलीत ठेवा.

मुलांना आधी काहीच सांगू नका, फक्त मोजायला लावा: मिनिटात तोंड किती वेळा उघडतं, कुठला पर सारखा हलतो, थांबताना कुठला पसरतो. आणि तोंड बघायला सांगा. गप्पीचं तोंड वरच्या दिशेनं वळलेलं असतं, कारण त्याचं खाणं, डासांच्या अळ्या, पाण्याच्या वरच्या थरात असतं. कटल्याचंही तोंड वरच्या बाजूला, तो वरचं खातो. मृगळाचं खालच्या बाजूला, तो तळाचं खातो. रोहू मधलं. म्हणून शेततळ्यात हे तिघं एकत्र सोडतात, एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत.

बघून झालं की गप्पी आणले त्याच विहिरीत परत सोडायचे. ओढ्यात नाही, नदीत नाही. ते मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे, भराभर वाढतात, आणि ओढ्यातल्या मल्यासारख्या आपल्या माशांच्या पिल्लांना जड जातात. बरणी रिकामी करायला मुलांनाच बरोबर न्या.